गाळलेले ठोके

तुम्ही माणूस गाळलात. दगड ऐकलात, दगडातलं पाणी ऐकलंत, कड्याच्या पोटात केसाएवढी भेग सरकली तीही ऐकलीत, आणि माणूस गाळलात. चुकून नाही. ठरवून, तपासून, सहीशिक्क्यानिशी. वर मला लिहून पाठवलंत की श्री. हिरामण लक्ष्मण भांगरे, वय एकेचाळीस, यांचा मृत्यू जागीच झाला.

जागीच. तीन पत्रांत तीन वेळा हा शब्द आहे. ती जागा मी पाहून आले आहे, तुमच्यापैकी कोणी पाहिलेली नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते, म्हणजे प्रकरण नीट कळलं नव्हतं असं उद्या म्हणता येणार नाही.

राजूरपासून जीपने तासभर वर गेलं की धारवाडी लागते आणि धारवाडीच्या डोक्यावर सांडशीचा सुळका. खरं तर दोन सुळके, एकमेकांना खेटून उभे. मधे फट, खाली माणूस मावेल एवढी, वर जाता जाता हातभर. खालून बघितलं तर कोणीतरी चुलीत सांडशी उभी खोचून विसरून गेल्यासारखं दिसतं. उंची तीनशे वीस फूट. हिरामण माझा नवरा. दोरावर लोंबकळून करायची कामं करायचा. पवनचक्कीची पाती पुसायची, धरणाच्या भिंतीतल्या भेगा बुजवायच्या. आमचं घर राजूरला, तिथेच मी शिलाईचं दुकान चालवते. बाकीच्या बायका ब्लाउज शिवतात, मी सॅक शिवते, पट्टे शिवते, चढाईचे हार्नेस शिवते. शिक्षण दहावी. तुमच्या पत्रातले शब्द मला दोनदा वाचावे लागतात, पण कळतात.

आमची ओळखही कातळावरच झाली. त्यामुळे एक गंमत होती. घरी आत्याबाईंसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर, मी त्याला अहो म्हणायची. दोर बांधला की अरे. एकदा घाईत कड्यावरून "अहो, पाय उचल की" असं ओरडले तेव्हा तो हसून हसून मेखेला लटकून राहिला होता.

चढताना एका वळणापलीकडे आवाज पोचत नाही, वाऱ्यात तर नाहीच. मग आम्ही दगडाने कातळावर ठोके द्यायचो. एक म्हणजे दोर सोड. दोन म्हणजे पोचलो. तीन म्हणजे धर. आमच्या चढणाऱ्यांच्या मंडळात सगळेच असं करतात, ह्यात काही गुपित नाही.

शिवाय हिरामणची स्वतःची खोड होती. कुठल्याही पकडीवर भार देण्याआधी बोटांच्या पेरांनी तो ती वाजवून बघायचा. कातळ भरीव असेल तर आवाज बोटातच राहतो, पोकळ असेल तर मडक्यासारखा घुमतो. सगळेच बघतात, पण ह्याला ते अंगवळणीच पडलेलं. दाराची चौकट वाजवायचा, कलिंगड वाजवायचा, कोणाची नवी गाडी वाजवायचा. एकदा मी भाकरी थापत असताना मागून येऊन माझ्या पाठीवर वाजवलं आणि म्हणाला, "भरीव आहे. भार द्यायला हरकत नाही." आता घरात कोणी काही वाजवत नाही. दाराची कडी वाजली तरी मी उठते.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. वर्षातून चार-पाच वेळा तो बिनदोराचा जायचा, एकटा. दोर धरायला घरात हक्काचं माणूस असताना बिनदोराचं जायचं म्हणजे बायकोने स्वयंपाक करून ठेवायचा आणि नवऱ्याने हॉटेलात जाऊन जेवायचं, असं मला वाटायचं. मी तसं बोललेही. हॉटेलात तुलाही नेईन म्हणाला. मी म्हटलं, मग एकट्याने गेल्यासारखं कसं होईल. त्याला बोलता यायचं नाही. अकरा वर्षांत फक्त एकदा त्याने सांगायचा प्रयत्न केला. मी विचारलं होतं, तिथे भीती नाही वाटत का तुला?

"वाटते की," म्हणाला. "तिच्यासाठीच तर जातो. ती आली की बाकीचं सगळं गप बसतं."

मला ते पटलं नाही. पण एक नियम आम्ही दोघांनी मिळून केला. खरं तर मंडळातल्या सगळ्याच घरांत तो होता. एकट्याने चढणाऱ्याला विचारायचं नाही. फोन करायचा नाही, खालून हाक मारायची नाही, शोधायला जायचं नाही. दिवेलागणीपर्यंत त्याचा दिवस त्याचा. खिशात फोन थरथरला आणि बोट दचकलं, तर फोन करणाऱ्याने माणूस मारला असं आम्ही धरायचो. दिवेलागणीला आला नाही तर माणसं गोळा करायची. हा नियम लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या प्रश्नाचं मूळ त्यात आहे.

आता तुमचं यंत्र. सरकारी नाव शिलाश्रवण, आमच्याकडे त्याला नुसतं कान म्हणतात. पाऊस आता पडत नाही, कोसळतो. एका दिवसात महिन्याचा. कडे आतून भिजतात, फुगतात, आणि वाडीवर येतात. म्हणून तुम्ही कड्यांना कान लावले. केसाहून थोडी जाड काचेची तार. तिच्या एका टोकाने लेसरचा झोत आत सोडतात, सेकंदाला हजारो वेळा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक बारीक दोष असतातच, आणि त्या प्रत्येक दोषावरून थोडाथोडा प्रकाश मागे फिरतो. कातळ जराही शहारला तर तिथली तार किंचित ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदललेला येतो. किती वेळाने परत आला त्यावरून जागा कळते, कसा बदलला त्यावरून जोर कळतो. म्हणजे ती एक तार नसते. एका दोऱ्यात ओवलेले हजारो कान असतात. हे मला शर्वाणी पेंढारकर मॅडमनी माझ्याच ओट्यावर बसून समजावलं, सुतळी हातात धरून. त्या तुमच्या दरड-सूचना केंद्रातल्या अभियंता. नाव लिहिते कारण त्यांनीच लिहा म्हणून सांगितलं आहे.

कान खोटा नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणात त्याने एक्कावन्न मिनिटं आधी भोंगा वाजवला. धारवाडीची चौतीस घरं रिकामी झाली, आणि मग अर्धी वाडी दगडाखाली गेली. माणूस एकही गेला नाही. वाचलेल्या माणसांत माझी नणंद होती. त्यामुळे मी यंत्राच्या विरोधात आहे असं कोणी लिहून ठेवलं असेल तर ते खोडा.

सांडशीवरची तार हिरामणने बसवली. तुमचा ठेकेदार पुण्याहून आला, वर बघितलं आणि जेवायला गेला. मग हिरामण आणि मंडळातले दोघे दोरावर लटकून महिनाभर खाचेखाचेत तार दाबत आणि वरून राळ भरत होते. घरी यायचा तेव्हा हाताला राळेचा वास. कुठल्या कपारीतून तार कशी गेली आहे हे त्याला तळहातासारखं ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी कान फार ओरडला. शेळी चढली, भोंगा. वानरांची टोळी गेली, भोंगा. चढणाऱ्यांनी पकडी वाजवल्या की हमखास भोंगा, कारण दगड तडकण्याआधी जशी टकटक होते तसाच तो आवाज. लोक पावसात लेकरं उचलून तीनदा पळाले आणि चौथ्यांदा पळणार नाही म्हणाले. मग तुम्ही गाळणी करायची ठरवलीत. यंत्राला माणसाचा आवाज शिकवायचा, म्हणजे तो आला की यंत्र तो बाजूला टाकेल. शिकवायला माणूस हवा होता. हिरामण गेला.

वीस दिवस तो सांडशीवर चढत उतरत होता आणि मॅडम खाली बसून यंत्राला सांगत होत्या, हा पाय, हा हात, हा ठोका. रात्री आमच्या घरी जेवायला यायच्या. त्याला दादा म्हणायच्या, मला वहिनी. हिरामण मोठा खूश. मंडळात सांगत सुटला की अख्ख्या सह्याद्रीत त्या यंत्राला एकच माणूस नावानिशी ओळखू येतो. ते खरंच होतं. यंत्राने दुसऱ्या कोणाला इतकं नीट शिकून घेतलं नव्हतं.

चौदा एप्रिलला, मंगळवारी, तो पहाटे निघाला. बिनदोराचा. आमच्यात अबोला नव्हता, भांडण नव्हतं. मी डबा भरून दिला. दिवेलागणीला तो आला नाही. सात वाजता मी मंडळात फोन केले. माणसं आली, पायथा धुंडाळला, काही सापडलं नाही, कारण तो पायथ्याशी नव्हताच. दोन सुळक्यांमधल्या फटीत, दीडशे फुटांवर, कमरेएवढ्या रुंदीची एक कपार आहे, तिथे तो होता. खालून दिसत नाही, वरून दिसत नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आमचा एकजण वरून दोर टाकून फटीत उतरला तेव्हा सापडला. डावी मांडी मोडलेली, फोनचा चुरा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने प्रामाणिकपणे लिहिलं की कातळ इतका तापलेला होता की मृत्यूची नक्की वेळ सांगता येत नाही. तुम्ही मात्र नक्की सांगितलंत.

त्याचे हात मी धुतले. उजव्या तळव्यावर फोड होते. चार फुटलेले, दोन भरलेले. मी अकरा वर्षं ते हात बांधले आहेत. खरचटलेलं कसं दिसतं, कापलेलं कसं, दोराने भाजलेलं कसं, हे मला झोपेत कळेल. हे दगड घट्ट धरून पुन्हा पुन्हा मारल्याचे फोड होते. आणि जागीच मेलेल्या माणसाला फोड येत नाहीत, साहेब.

डॉक्टरला म्हटलं. तो म्हणाला, ताई, आधीचे असतील. मी घरी आले.

पंधरा दिवसांत तुमचा आदेश आला. कान लावलेल्या सगळ्या कड्यांवर चढाई बंद. मी मंडळात कोणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी दोर धरायला आलं असतं आणि त्याच्यावर गुन्हा लागला असता. रविवारी सकाळी सहाला मी एकटीच सांडशीच्या फटीत शिरले. उतरण्यापुरता दोर पाठीवर. चढताना वर कोणी नाही, खाली कोणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

पहिले साठ फूट मी त्याला शिव्या देत चढले. हे असं मरायला यायचास का तू, असं मोठ्याने. मग फट अरुंद झाली, पाठ एका सुळक्याला आणि पाय दुसऱ्याला लावून सरकायचं, आणि तिथे माझा उजवा पाय लटलटायला लागला. दोरावर मी तीच जागा तीसेक वेळा चढले असेन. दोर असताना खाली बघितलं तर खोली दिसते. दोर नसताना खाली बघितलं तर स्वतःच दिसतो माणूस, तिथे पडलेला. उतरताही येईना. मला आठवतं, मी कातळाला कपाळ टेकवून उभी होते आणि घामाने भिजलेली बोटं एकेक करून पोलक्याला पुसत होते.

मग एक पकड वाजवली. भरीव होती. तिच्यावर भार दिला. पुढची वाजवली. आणि कुठल्या पकडीपासून ते सांगता येणार नाही, पण सगळं गप बसलं. दुकान गप बसलं. पंधरा दिवस कानात घोंगावणारी बायकांची रडारड गप बसली. तो मेला आहे हेसुद्धा गप बसलं. चार बोटांएवढा दगड होता, त्यावर माझी चार बोटं होती. फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती, आणि तिच्यात एक पाल मान वर करून माझ्याकडे बघत होती, ही कोण आली म्हणून. मला हसू आलं. दीडशे फुटांवर, विधवा बाई, नवरा मेल्याला पंधरा दिवस, हसले.

लाज वाटली नाही. राग आला, तो स्वतःचा. अकरा वर्षं मी समजत होते की तो मला सोडून इथे येतो. तो कोणालाही सोडत नव्हता. तो नुसता इथे येत होता. मला हे आधी कळलं असतं तर मी त्याला अडवलं नसतं असं नाही, अडवलंच असतं. पण घरी आल्यावर विचारलं असतं, आज काय दिसलं रे. कधी विचारलं नाही. आता तो एक प्रश्न घेऊन मी घरभर फिरते.

कपारीवर पोचले. रक्त वाळून काळं झालं होतं. जरा पुढे, बसल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, काळ्या कातळावर बशीएवढा पांढरा डाग होता. कातळाला दगडाने मार बसला की तो पांढरा पडतो. एका घावाने ओरखडा उठतो. बशीएवढा डाग पडायला आणि त्याच्या मधे बोटाचं पेर बुडेल एवढा खळगा व्हायला किती ठोके लागतील, ते तुम्हीच मोजा. खाली मुठीत मावेल असा दगड पडला होता, एका बाजूने झिजून सपाट झालेला. आणि डागापासून वीतभर अंतरावर, राळेत दाबलेली, त्याने स्वतः बसवलेली तुमची तार.

म्हणजे तो कुठेतरी वेड्यासारखा ठोकत नव्हता. मोडक्या मांडीने सरकत तारेपर्यंत गेला होता. त्याला माहीत होतं की कान ऐकतो. यंत्र मला ओळखतं, असं तो सगळ्यांना सांगत असे.

मी तोच दगड उचलला आणि त्याच जागी मारला. तीन, थांबून तीन. घड्याळ बघितलं, नऊ चाळीस झाले होते. मग दोर लावून उतरले.

सोमवारी केंद्रात गेले. पेंढारकर मॅडम एकट्याच होत्या. मी म्हटलं, काल सकाळी नऊ चाळीसला सांडशीवर काय ऐकू आलं ते दाखवा. त्यांनी पडदा उघडला. सरळ रेघ. म्हणाल्या, वहिनी, काही नाही. मी म्हटलं, गाळायच्या आधीचं दाखवा. त्यांनी दुसरा पडदा उघडला, आणि तिथे माझे ठोके होते. तीन, थांबून तीन, शिलाईच्या टाक्यांसारखे स्वच्छ. शेजारी यंत्राने लिहिलं होतं, मानवी हालचाल, वगळले.

त्यांना सगळं एका क्षणात कळलं. चौदा एप्रिल लगेच उघडायचा त्यांना धीर होईना. म्हणाल्या, आधी दादांची एखादी जुनी चढाई बघू, म्हणजे त्यांचा ठोका नक्की ओळखता येईल. फेब्रुवारीतली एक काढली, बिनदोराची. यंत्र त्याचा आवाजही करून देतं. त्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावला.

तो होता. टकटक, सरक, टकटक, सरक. मधे थांबला, दम खाल्ला. एका जागी नऊ वेळा वाजवलं, म्हणजे पकड पसंत पडली नाही. मी डोळे मिटून त्याच्याबरोबर चढत होते, इथे डावा पाय टाकशील, इथे कूस बदलशील. एक तास दहा मिनिटांनी माथ्यावर पोचला. तारेचं वरचं टोक माथ्यावरच आहे. मला वाटलं, आता बसेल, डबा खाईल.

तो नाचला. अकरा मिनिटं. धप धप, धपधप, धप. आमच्याकडच्या लग्नात वाजंत्री वाजली की बापे माणसं जशी गोल धरून नाचतात तसा, तीच चाल, एकटाच. हा माणूस उभ्या जन्मात कुठल्या लग्नात नाचला नाही. वरातीत लोकांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत जीपपाशी उभा राहायचा. मी ओढलं तर हात सोडवून घ्यायचा. तो तिथे वर, मूठभर जागेत, चारी बाजूंनी तीनशे फूट, आणि नाचत होता. आणि हे सांगितलं फक्त तुमच्या यंत्राने, तेही कचरा म्हणून टाकून दिलेल्यातून. मी तो आवाज तिथे बसून चार वेळा ऐकला. मॅडमनी घाई केली नाही.

मग चौदा एप्रिल.

आठ वाजून दहा मिनिटांनी एक मोठा धक्का. पकड निखळली की पाय सुटला ते कळत नाही, आणि त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पडला तो स्वतः पडला, त्याला तो हक्क होता. त्यानंतर बावीस मिनिटं काही नाही. नंतर सरपटल्याचा आवाज, थांबत थांबत. आणि आठ पन्नासला सुरू. तीन, थांबून तीन. यंत्र शेजारी लिहीत होतं. मानवी हालचाल, खात्री नव्याण्णव टक्के, वगळले. वगळले. वगळले. मॅडम पडदा सरकवत होत्या. नऊ. साडेनऊ. दहा. एकदा बराच वेळ थांबला, मला वाटलं संपलं, पुन्हा सुरू झाला. पडद्यावर अकरा वाजले तेवढ्यात बाहेर गाडी वाजली, तुमचे वरिष्ठ आले. मॅडमनी पडदा मिटला आणि हळूच म्हणाल्या, "उद्या या. पुढचं उद्या."

दुसऱ्या दिवशी गेले तर ते पान कुलूपबंद झालं होतं. चौकशीसाठी राखीव. चौकशी कसली ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. मॅडमची बदली झाली, त्यांनी नोकरी सोडली. जाण्याआधी राजूरला माझ्या दुकानात आल्या. त्यांनी सांगितलं की गाळणी करताना त्यांनीच एक टिपण पाठवलं होतं. यंत्राला माणूस ओळखू येतोच आहे, तर भोंगा नको, पण एक साधा निरोप केंद्रात जाऊ द्या की इथे माणूस आहे. वरून उत्तर आलं, केंद्राचं काम दरडीचं, माणसांवर नजर ठेवल्याचा आरोप अंगावर नको. विषय बंद. त्या मला म्हणाल्या, मी भांडायला हवं होतं, वहिनी. मी त्यांना बरं वाटेल असं काही बोलले नाही. चहा दिला.

तुमच्या तीन पत्रांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत आहे. आरोहकाने धोका स्वतः पत्करला. मान्य, मी पहिल्याच अर्जात लिहिलं होतं. माहिती उघड केल्यास यंत्रणेवरचा लोकांचा विश्वास कमी होईल. धारवाडीत येऊन विचारा, लोक अजून भोंगा वाजला की पळतात. आणि शेवटी तो शब्द. जागीच.

तुम्हाला वाटत असेल बाई भरपाईच्या मागे आहे, किंवा कोणाला तरी तुरुंगात बघायचंय. नाही. सांगते काय हवंय ते.

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी एका सॅकचा पट्टा शिवत होते. एकला जेवले. त्या दिवशी आत्याबाई माझ्याकडे दुकानात बसल्या होत्या. तीन वाजता म्हणाल्या, लई ऊन झालंय, पोराला फोन लाव. मी म्हटलं, नियम आहे. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी चिडले.

"फोन लावून त्याचा कातळावरचा हात सोडवू का आता?" असं बोलले मी त्यांना. आईला.

तीनला मी फोन लावला असता तर तो लागला नसता. न लागणारा फोन बघून मी निघाले असते, मंडळाला घेऊन. साडेचारला आम्ही फटीखाली असतो. तिथे ठोके खाली उभं राहूनही ऐकू येतात, मी नंतर जाऊन पाहिलं आहे. तो तेव्हा वाजवत होता का, हे जगात फक्त तुमच्या कुलपात लिहिलेलं आहे. नियम आम्ही दोघांनी केला होता, आणि मी तो पाळला. तो तीन ठोक्यांनी धर म्हणत होता आणि मी पट्टा शिवत होते.

आत्याबाई तेव्हापासून माझ्याशी बोलतात, जेवायला वाढतात, पण नजर देत नाहीत. मॅडम येऊन गेल्या त्या दिवशी एकदाच विचारलं. "कवर वाजवत व्हता गं माझा पोरगा?" मला माहीत नाही असं म्हणायचीसुद्धा हिंमत झाली नाही, उठून पाणी आणायला गेले.

तो दुपारी बारालाच थांबला असेल, तर मी आत्याबाईंच्या समोर बसून सांगेन, आणि आम्ही दोघी मिळून रडू, जे अजून रडलेलो नाही. तो साडेसहालाही वाजवत असेल, तर तेही मी समोर बसूनच सांगेन. मग त्या मला घरात ठेवतील की नाही ते त्या बघतील. मला दोन्हींची भीती वाटते. पण भीती कशी असते ते मला आता ठाऊक आहे, आणि ती आहे म्हणून मी खाली उतरणार नाही.

अकरापर्यंतचं मी ऐकलं आहे. पुढचं तुमच्याकडे आहे. अर्ज क्रमांक नको, चौकशी चालू आहे नको, सहानुभूती तर नकोच. तो शेवटचा ठोका किती वाजता होता? तास लिहा आणि मिनिट लिहा.